तुटलेल्या लाईनीवरून गेलेला फॉर्म

ह्या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी सगळे वाचतो, आणि त्यातले निम्मे मला थापा वाटतात. राग मानू नका, मी रोखठोक माणूस. सातवीपर्यंत शाळा, पुढं तीस वर्षं पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी. म्हणजे नदीवरच्या मोटारीनं उचललेलं पाणी कुणाच्या उसाला किती तास सोडायचं ते बघणारा, दारं धरणारा माणूस. आमचा पाट मसणवट्याला खेटून जायचा. तिथं बसून मी कांदा-भाकरी खाल्लीय, विड्या ओढल्यात. भूत सोडा, भुताची सावलीबी दिसली नाही. एकदा कोल्हा दिसला, तो मलाच भिऊन पळाला.

तरी हे लिहितोय... कारण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आठ-दहा माणसांसमोर झालं, आणि त्याचा कागद माझ्याकडं आहे. एका बोटानं टाईप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

जागा नीट सांगतो. कोल्हापुरातून फुलेवाडीवरून बालिंग्याकडं निघालं की रस्त्याला एक पिठाची गिरण होती. तिला लागून आमचा गाळा. दहा फूट रुंद, अठरा फूट आत. दुकान माझं नव्हे, बायकोचं. हौसाचं. ती नववी शिकलेली, माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त, आणि हे तिनं मला जन्मभर ऐकवलं. नव्वद सालानंतर गावोगाव एसटीडी बूथ निघाले तवा तिनं हट्टानं बूथ टाकला. मी पाटावर, ती बूथवर. पुढं हातोहाती मोबाईल आले आणि बूथ ओस पडला. आमचा पोरगा विलास तवा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता.

तो म्हणाला, “आई, आता बंद कर. कोण येतंय फोन करायला?”

“बंद कशाला? तुझ्या त्या इंटरनेटला फोनचीच वायर लागती न्हवं? मग वायर हाय की माझ्याकडं. तू कॉम्प्युटर तेवढं आण.”

पोरानं जुने आठ कॉम्प्युटर आणून बसवले. आणि माझी नववी शिकलेली बायको नेट कॅफेची मालकीण झाली. दोन महिन्यांत ती रेल्वेचं तिकीट काढत होती, लोकांचे दाखल्याचे, कॉलेजचे फॉर्म भरत होती. चष्मा नाकावर, पदर खोचलेला, आणि की-बोर्डवर बोटं अशी की भाकरी थापतीय.

आता मुद्द्याचं. तिच्याकडं लाईनी दोन होत्या. एक फोनची, एक केबलवाल्याची. केबलची जोरात चालायची, पण कवा बसंल नेम नाही. फोनची हळू, पण एकदा चालली की चालली. लोक म्हणायचे, मावशी, एक काढून टाका, दोन-दोन बिलं कशाला? ती मला म्हणाली, “अवो, तुमच्या नदीवरच्या दोन मोटारी आठवा की.”

आमच्या संस्थेला खरंच दोन मोटारी होत्या. मोठी, पण सारखी जळायची. आणि बारकी, बारा महिने न कुरकुरता चालणारी. हौसा वर्षानुवर्षं माझी भाकरी घेऊन पाटावर यायची. मी समजायचो ही नुसती सावलीला बसलीय. ही सगळं बघत होती! मी मोठ्या मोटारीचं पाणी लांबच्या मोठ्या रानांना सोडायचो, मधेच बंद पडलं तरी ऊस तग धरतो. आणि भाजीच्या वाफ्यांना बारक्या मोटारीचं. तिनं तेच केलं. गाणी उतरवणारे, गप्पा मारणारे केबलवर. बँकवाले, फॉर्मवाले फोनच्या लाईनीवर. प्रत्येक लाईनीचा डबा वेगळा, वायरी हातानं ह्या डब्यातून त्या डब्यात. कुणाला कळायचंबी नाही, पण दुकान कधी अडलं नाही. आजूबाजूच्या कॅफेत पोरं बोंबलत बसायची आणि आमच्याकडं रांग.

पुढं विलासनं एक नवा डबा पाठवला. दोन तोंडांचा. दोन्ही लाईनी त्याला जोडायच्या आणि तो आपला आपण वाटणी करणार. चार दिवस सगळे खूश. मग फॉर्मवाल्यांची बोंब सुरू झाली. अर्धा तास खपून सगळं भरायचं आणि शेवटचं बटण दाबलं की वेबसाईट हाकलून लावायची... पुन्हा पहिल्यापासून. विलास म्हणाला, वेबसाईटच खराब असेल. हौसा वही घेऊन दोन दिवस बसली. कोण कवा हाकललं गेलं, काय करत होतं, सगळं लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पुण्याला फोन लावला. मी शेजारीच चहा पीत होतो.

“इल्या, तुझा डबा चालू पाळी मोडतोय.”

“म्हणजे काय आई?”

“तुझ्या बापाला इचार.”

आता ही पाळी काय ते सांगतो. पाण्याची पाळी एकदा एखाद्याच्या रानात सुरू झाली की त्याचं पुरं भिजेस्तोवर ती मोडायची नाही. मग सरपंच येऊ दे नाहीतर आमदार. निम्म्यातून पाणी दुसऱ्या पाटाला वळवलं तर ह्याचंबी वाळतं आणि त्याचंबी धड होत नाही. हौसाचं म्हणणं, डबा एक पान ह्या लाईनीनं आणतो, दुसरं त्या लाईनीनं. तिकडच्या वेबसाईटला वाटतं माणूसच बदलला, म्हणून ती हाकलती.

विलास म्हणाला, “आई... हे शोधायला आमच्या ऑफिसात आठवडा गेला असता.”

“मग पगार तुला का मला?” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सांगायचं काय, बाई अशी होती. मी तिला तोंडावर कधी एकदाबी शाबास म्हणलो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि मला अक्कल नव्हती.

मग तिनं पोराकडून डबा नीट लावून घेतला. ज्यानं ज्या लाईनीवर सुरू केलं, त्यानं त्याच लाईनीवर संपवायचं. आणि सहा नंबरचा कॉम्प्युटर खास फॉर्मसाठी, कायम फोनच्या लाईनीला बांधलेला. फोनची लाईन गेली तर सहा नंबर बंद. पण तो केबलवर जायचा नाही म्हणजे नाही. प्रत्येक लाईनीला आपापले आकडे असतात, ते तिनं भिंतीवर लिहून ठेवले होते. फोनचे एकोणसाठनं सुरू व्हायचे, केबलचे दोनशे-दोननं. काही फॉर्मच्या पावतीवर तळाला ते बारीक छापून येतात. ती प्रत्येक पावती चष्म्यापुढं धरून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

हौसा मे महिन्यात गेली. सकाळी दुकान झाडताना छातीत कळ आली, दुपारपर्यंत संपलं. मी दवाखान्यात बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय बोलली, कुणाशी बोलली, काही कळलं नाही. विलास म्हणाला, आप्पा, पुण्याला चला. मी म्हणलं, दुकान कोण उघडंल? मला त्यातलं काय येत होतं? कॉम्प्युटर चालू करायचा आणि पैसे घ्यायचे, एवढंच. तरी उघडत राहिलो. घरात बसवत नव्हतं.

ती जाऊन महिना उलटला होता त्या वेळची गोष्ट.

दुपारी बाराच्या सुमाराला मांडवाचे बांबू लादलेला एक ट्रक रस्त्यानं गेला आणि खांबावरून दुकानात येणारी फोनची वायर ओढत घेऊन गेला. वीस पावलांवर जाऊन थांबला. ड्रायव्हर म्हणतो, “पावणं, बघितलं न्हाई.” त्याच्याशी भांडून काय उपयोग! मी वायर गोळा केली. कोपरावरून गुंडाळत, जसा दोर गुंडाळतो तशी, आणि वेटोळं करून दाराशी खुर्चीखाली ठेवलं. खिडकीच्या चौकटीत टीचभर तुकडा लोंबत राहिला. फोन कानाला लावून बघितला. मुका. दोन तोंडांच्या डब्यावरचा फोनचा दिवा विझलेला. टेलिफोन ऑफिसात कळवलं, ते म्हणाले लाईनमन उद्या. हे एवढं खोलात सांगतोय कारण ती वायर मी ह्या हातांनी गुंडाळलीय. कुणाचं ऐकून सांगत नाही.

साडेतीनला सुजाता आली, तिच्या बापाबरोबर. बाप तानाजी, रंगकाम करणारा, आमच्या मागच्या गल्लीतला. पोरगी बारावीला चांगली पास झालेली, नर्सिंगला जायचं होतं. हौसावर तिचा फार जीव. दारातूनच “जय भीम, मावशी!” म्हणायची, आणि हौसाबी तितक्याच मोठ्यानं “जय भीम, बाय!” म्हणायची. तिच्या फॉर्मचा पहिला भाग हौसानंच मे महिन्यात भरला होता. कुठली कुठली कॉलेजं पाहिजेत ते भरायचं राहिलं होतं.

तानाजी म्हणाला, “आप्पा, पाचला बंद हुतंय.”

“आन् आता आलाईस व्हय? सकाळपासनं काय भिंती रंगवत हुतास?”

“दाखला न्हवता की ओ. त्येचा नंबर घातल्याबिगर फॉर्म फुडं सरकत न्हाई. साहेब जेवून आलं, मग सही झाली. तितनं सायकल हाणत आलोय.”

पोरगी म्हणाली, “आजोबा, माझा नंबर वर हाय. सरकारी कॉलेज मिळतंय. पर आज कॉलेजं भरली न्हाईत तर यादीतनंच नाव जातंय.”

खाजगी कॉलेजची गोष्टच नव्हती. तानाजीकडं बघितलं तरी ते कळत होतं.

सात कॉम्प्युटरवर माणसं. सहावा तेवढा रिकामा, तो बंद लाईनीचा. आणि केबलची लाईन अशी चाललेली की विचारू नका. एक पान उघडायला पाच मिनिटं. गाणी उतरवणाऱ्या दोघांना मी ते थांबवायला लावलं, तरी तेच. एक गृहस्थ दुबईच्या जावयाला पत्र लिहीत होते, त्यांनी आपणहून खुर्ची दिली. पोरगी बसली. पान निम्मं आलं आणि अडकलं. पुन्हा. पुन्हा निम्मं. चार वाजले, सव्वाचार झाले. तानाजी बाहेर पायरीवर बसला. आत येऊन बघायचं त्याला धाडस होईना.

आता मी काय केलं ते ऐका, कारण इथं मी गाढवपणा केला. मला वाटलं, लाईनीनं हवा धरली. पाईपात हवा अडकली की पाणी असंच गचके देत येतं. मग मोटार बंद करायची, हवा जाऊ द्यायची, पुन्हा सुरू करायची. मी जाऊन केबलच्या डब्याची पिन काढली. शंभर आकडे मोजले. पिन घातली.

डबा उठेना. एकच लाल दिवा नुसता डोळे मारतोय.

दुकानात गलका. रेल्वेचं तिकीट काढणारा मिशीवाला खेकसला, “आप्पा, पैसं कापलं आन् तिकीट गेलं की माझं! मावशी आसत्या तर असं झालं आसतं का?”

दुबईवाले म्हणाले, “माझं पत्र पुसलं गेलं.” त्यांनी आपली खुर्ची परत घेतली. सुजाता उठली आणि जागा नव्हती म्हणून सहा नंबरवर जाऊन बसली. हातात तो दाखला. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी. एक लाईन खुर्चीखाली वेटोळं होऊन पडलेली, दुसरी मी माझ्या हातानं मारलेली. मनात म्हणलं, हौसा, तू भरायला घेतलेलं मी बुडवलं गं.

तवा पोरगी म्हणाली, “आजोबा... ह्याच्यावर उघडलं.”

मी म्हणलं, “काय उघडलं?”

“पान. आख्खं.”

मी दोन तोंडांच्या डब्याकडं बघितलं. केबलचा दिवा विझलेला. फोनचा दिवा हिरवा. चांगला टक्क पेटलेला, लुकलुक नाही, काही नाही.

मिशीवाला दाराशी गेला, खुर्चीखालचं वेटोळं उचललं आणि ओरडला, “आप्पा, फोनची वायर तर माझ्या हातात हाय!”

“गप. बस खाली.”

“अवो पर—”

“बस म्हणलं न्हवं!”

माझा हात डब्याकडं गेला होता. चाचपून बघावं, फोन उचलून कानाला लावावं. आणि मी हात मागं घेतला. कारण पोरीचं भरायला सुरुवात झाली होती. पाळी चालू होती. काय आहे, कसं आहे, कुठनं येतंय ते नंतर. पाटकरी माणसाला एवढं कळतं.

सगळे तिच्यामागं येऊन उभे राहिले. बाकी सात पडदे मेलेले, आणि सहावा पाण्यासारखा चाललेला. फोनची लाईन एवढी जोरात मी कधी बघितली नव्हती. पोरगी कॉलेजांची नावं घालत होती, दुबईवाले हळू आवाजात वाचून पडताळत होते. मी डब्यापुढं उभा. दिवा विझू नये म्हणून कुणी वाऱ्याला आडवं उभं राहतं, तसा. हौसाचं नाव माझ्या तोंडात आलं, अगदी ओठापर्यंत. हाक मारावी वाटत होती. पण हाकेनं काही तुटलं तर? निम्म्यात तुटलं तर पोरीचं वर्ष गेलं. मी दात आवळून उभा राहिलो.

“झालं,” सुजाता म्हणाली. बटण दाबलं. पावती आली. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर पडला. पाचला नऊ मिनिटं बाकी होती.

कागद माझ्या हातात आला आणि दिवा गेला. डोळ्यांदेखत. सहा नंबरवर पुढचं पान उघडेना.

तानाजी आत आला, कागद बघितला आणि मलाच मिठी मारली, रंगाच्या कपड्यांसकट. मिशीवाला वेटोळं तसंच हातात धरून उभा होता. त्यानं ते हळूच खुर्चीखाली ठेवलं, चप्पल घातली आणि तिकिटाचं काही न बोलता गेला.

पावतीच्या तळाला बारीक आकडे होते. मी चष्मा लावून भिंतीवरच्या आकड्यांशी लावून बघितले. एकोणसाठ.

सहाच्या सुमाराला केबलवाला बाबू आला. त्याला पावती दाखवली. म्हणाला, “ही माझी लाईन न्हवं आप्पा, माझी दोनशे-दोनची. आन् माझी साडेचारपासनं बंदच हाय. तुमी पिन काढल्यावर डबाच जळला.”

“मग गेला कशातनं?”

त्यानं दाराकडं बघितलं, भिंतीवरच्या हौसाच्या अक्षराकडं बघितलं. “वैनींचं दुकान हाय,” म्हणाला, आणि चहाबी न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी लाईनमन आला. त्याला मी नीट विचारलं. मधेच कुठून जोड लागला असेल का? तो हसला. “खांबापासनं हितंपतूर तांबंच न्हाई, मामा. जाणार कशातनं, हवेतनं?” शेजारपाजारच्या कुणाच्या लाईनीवरून आलं असेल म्हणावं तर डब्याला खिडकीतून येणारी ती तुटकी वायर आणि बाबूची केबल सोडून दुसरं काही जोडलेलं नव्हतं.

रविवारी विलास आला. तो दोन तोंडांचा डबा आपल्या आत सगळं टिपून ठेवतो म्हणे. पोरानं उघडून बघितलं. फोनची लाईन दुपारी बाराला गेली. चार एकेचाळीसला आली. चार एकावन्नला गेली. पुढं दुसऱ्या दिवशी लाईनमननं जोडल्यावर आली. विलासनं तो पडदा तीनदा वाचला. डब्याचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. मग टेबलावर डोकं टेकून बसला. म्हणाला, “आप्पा, मला कळत नाही.” इंजिनिअर झाल्यापासून हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

सुजाताला सरकारी कॉलेज मिळालं. आता ती नोकरीला आहे. त्या पावतीची झेरॉक्स माझ्याकडं आहे, ज्याला बघायची त्यानं यावं. ह्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. कुणी शिकल्यासवरल्यानं सांगितला तर ऐकीन. फक्त ‘वायर कुठंतरी टेकली असंल’ एवढं सांगू नका. गुंडाळणारा मी होतो.

एक कबूल करतो. मला राग आला होता. त्या दिवशी घरी जाऊन मी हौसाच्या फोटोपुढं बसलो आणि तिला लई बोललो. महिनाभर मी तिला घरात हाका मारतोय, स्वयंपाकघरात, मागच्या परड्यात, झोपेत. एकदाबी ओ दिली नाही. आणि लोकाच्या पोरीसाठी दहा मिनिटं आली! नवरा कोण आहे का नाही?

बोलता बोलता हसू फुटलं मला. जिवंत होती तवा तरी दुसरं काय होतं? गिऱ्हाईक पुढ्यात असलं की मी दारात उभं राहून चारदा हाक मारली तरी बया मान वर करायची नाही. सगळं काम उरकायची, पावती बघून द्यायची, गिऱ्हाईक पायरी उतरलं की चष्मा काढायची आणि मग माझ्याकडं वळून म्हणायची, “हं, बोला. काय म्हणत हुता?”

तेवढं अजून म्हणायची राहिलीय.